विकरच्या खुर्चीत मांडी

विकरच्या, म्हणजे वेतासारखं विणलेल्या, डायनिंग सेटच्या जाहिरातीत माणूस कधी नसतो. हिरवळ असते, सहा खुर्च्या असतात, काचेच्या जगमध्ये लिंबाच्या चकत्या तरंगत असतात, एका खुर्चीच्या पाठीवर कुणाची तरी शाल विसरलेली असते. शालवाली कुठे गेली ते मात्र कळत नाही. मुरबाड रस्त्याला जी फार्महाउसं झाली आहेत, त्यांच्या कुंपणातूनही हे सेट दिसतात, आणि तेही तसेच रिकामे. याचं कारण सेट बघून कळत नाही, त्यावर बसून जेवावं लागतं.

आमचा सेट म्हशाच्या थोडं अलीकडे आहे. आमचा म्हणजे माझ्या मेहुण्याचा. पण सासुरवाडीत आलेल्या वस्तूवर जावयाचा बसण्यापुरता हक्क असतोच. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा लागतं. तिथल्या जुन्या कौलारू घराची पडवी पाडून मेहुण्याने स्लॅब टाकला, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, आणि मग बसवलेल्या ब्लॉकवर काही तरी बसवायला हवं म्हणून भिवंडीच्या एका गोदामातून टेम्पोने हा सेट आणला. एक टेबल, सहा खुर्च्या, सहा गाद्या. टेबलाच्या मधोमध एक भोक. ते छत्रीचं. छत्रीचे पैसे वेगळे होते, म्हणून भोक तेवढं आलं.

लांबून सेट देखणा दिसतो, यात वाद नाही. रंग तपकिरी, पण सरसकट नव्हे. प्रत्येक पट्टीत दोनतीन छटा मुद्दाम कालवलेल्या, म्हणजे खरा वेत ऊन खाऊन जुना व्हायला जी वर्षं घेतो ती कारखान्यातच उरकलेली. बिलावर त्या रंगाला ‘हनी ब्राउन’ म्हटलं होतं. सासूबाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “काकवी सांडल्यावानी दिसतंय.” पट्टी वरून गोलसर, खालून सपाट, सोललेल्या वेताचीही अशीच असते. वर बारीक उभ्या रेघासुद्धा ओढलेल्या. नक्कल करणाऱ्याने खरा वेत नीट हातात घेऊन पाहिला होता. फक्त वापरला नव्हता. आत पावडर कोटिंगचा पाइप आणि बाहेर पॉलिथिन. गच्चीवरची पाण्याची टाकी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातली ही धाकटी पाती. हिला विणकाम शिकवलेलं, एवढंच.

विणलेल्या खुर्चीच्या घराण्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. 1844 साली बोस्टनच्या धक्क्यावर सायरस वेकफील्ड नावाच्या एका किराणा व्यापाऱ्याला वेताच्या मोळ्या पडलेल्या दिसल्या. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांत माल हलू नये म्हणून फटींमध्ये वेत कोंबत, आणि माल उतरला की तो फेकून देत. या गृहस्थांनी तो कचरा उचलला, खुर्च्या करणाऱ्यांना विकला, पुढे स्वतःचा कारखाना काढला, आणि इतके श्रीमंत झाले की 1868 साली त्यांच्या गावाने आपलं नाव बदलून वेकफील्ड ठेवलं. नंतर मार्शल लॉइड नावाच्या अमेरिकनाने 1917 साली वेतालाच रजा दिली. कागदाला पीळ देऊन त्याची दोरी केली, काही दोऱ्यांत तार घातली आणि ती मागावर विणली. 1990 साली जर्मनीत बॉबी डेकीझर या माणसाने कागदही काढून टाकला आणि प्लास्टिकचा धागा आणला. हा आधी फुटबॉलमधला गोलकीपर, बायर्न म्युनिकसारख्या संघातला. दुखापतीने खेळ सुटला तेव्हा फर्निचरकडे वळला. त्याचं विणकाम फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर होऊ लागलं, हाताने. म्हणजे वेत गेला, कागद आला आणि गेला, माग आला आणि गेला, आणि शेवटी जमिनीवर बसून आडव्या-उभ्या पट्ट्या ओवणारा माणूस होता तिथेच राहिला. गोलकीपरने जाळ्यांच्या धंद्यात यावं हे मला तरी फार योग्य वाटतं.

त्याहून जुना एक पुरावा जर्मनीतल्याच त्रीअरच्या संग्रहालयात आहे. सुमारे 1800 वर्षांपूर्वीचं रोमन शिल्प. उंच पाठीच्या विणलेल्या खुर्चीत एक बाई ऐसपैस टेकून बसली आहे आणि दासी तिचे केस करताहेत. या शिल्पात सगळं आहे, जेवण तेवढं नाही. खानदानी रोमन लोक जेवायला कोचावर आडवे होत. त्यांना विणलेल्या खुर्चीचं मर्म कळलं होतं: ही टेकायची वस्तू आहे. हिची बैठक मागे उतरती, पाठ मागे झुकलेली, हात बाहेर पसरलेले. आणि जेवण, निदान आपलं जेवण, हे पुढे वाकून करायचं काम आहे. या दोघांचं लग्न कुणी लावलं कोण जाणे, पण पत्रिका जुळत नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही रीतसर जेवायला बसलो. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, भात. बसल्याबरोबर गादीने मला मागे ओढून घेतलं आणि ताट क्षितिजावर गेलं. खुर्ची पुढे सरकवावी तर तिचे हात टेबलाच्या कडेला आदळतात. खुर्ची टेबलाखाली जात नाही, ही या सेटची रचनाच आहे. मग पुढच्या कडेवर बसायचं. कडेवर बसलं की पट्ट्या मांडीत रुततात. भाकरीचा तुकडा बिरड्यात बुडवून तोंडापर्यंत आणायच्या वाटेत बिरड्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि ते विचार करून क्रीम रंगाच्या गादीवर उतरतं. क्रीम रंग कुणी निवडला? हळद न खाणाऱ्या माणसाने.

सासरे शहाणे. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घातली. खुर्चीचे हात दोन्हीकडून गुडघ्यांना टोचू लागले तशी गादी उचलून खाली टाकली, आणि थोड्या वेळाने गादीपाठोपाठ स्वतःही ताट घेऊन खाली उतरले. “भावजी, तुम्ही तरी बसा वर,” मेहुणा काकुळतीने म्हणाला. मी बसलो. एकट्याने, उंचावर, पाच माणसांच्या टाळूकडे बघत. सत्यनारायणाच्या कथेला ऐकणारे खाली आणि भटजी पाटावर असतात, तेव्हा भटजींना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी समजलं.

स्पर्शाचं सांगतो. खरा वेत उन्हातही अंगाला फार चटका देत नाही. शिवाय त्याला आवाज असतो. माणूस कलला की वेत चरचरतो, म्हणजे बसणाऱ्याची दखल घेतो. सरकारी कचेरीतल्या जुन्या वेतविणीच्या खुर्च्यांनी किती साहेबांचा घाम वाळवला असेल! अंधशाळांमधून या खुर्च्या विणायला शिकवत, आणि बोटांच्या डोळ्यांनी विणलेली ती जाळी वर्षानुवर्षं ढिली पडत नसे. आमची खुर्ची मुकी आहे. मे महिन्यात मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती दुपारी बसू देत नाही, आणि संध्याकाळी बसू दिलं तर उठू देत नाही, कारण पाय घामाने चिकटलेले असतात. उठल्यावर पोटऱ्यांवर विणकामाचा नमुना उमटतो. इतका स्वच्छ, की त्यावरून दुसरी खुर्ची विणता यावी. दुसऱ्या वर्षी काही पट्ट्यांची टोकं सुटली. म्हशाला पाठीत गळ टोचून घेऊन नवस फेडायची जुनी चाल आहे. आमच्याकडे नवस न बोलताही ती सोय झाली.

या सेटला मनापासून स्वीकारलं ते कोंबडीने. गावच्या कोंबडीला माहीत असलेल्या विणलेल्या वस्तू दोनच: एक डालं, जे तिच्यावर पालथं पडतं, आणि एक टोपली, जिच्यात ती अंडी घालते. तिने या खुर्चीची दुसऱ्या प्रकारात नोंद केली. खोलगट बैठक, तिन्ही बाजूंनी आडोसा, खाली मऊ गादी; कुठल्याही डिझायनरने अंडी घालायला यापेक्षा चांगलं काही केलेलं नाही. मेहुणा तिला हाकलायचा, सासूबाई मेहुण्याला. “बसू दे तिला. ती बसते तर काहीतरी देते तरी,” असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मी विचारलं नाही.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराचं देऊळ, बैलांचा मोठा बाजार, घाटावरून आलेली घोंगडी, विळे-कोयते, टोपल्या, सुपं, खेळणी. जत्रेच्या दिवसांत अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता असतो, म्हणून मेहुण्याने सेट धुऊन पुसून मांडला होता. टोपल्यांची उतरंड डोक्यावर घेतलेली एक म्हातारी पाणी मागायला आली. तांब्या रिकामा केला, आणि खुर्चीकडे बघत राहिली. मग तिने बसण्याऐवजी जे केलं ते आजवर एकाही पाहुण्याने केलं नव्हतं. खुर्ची उचलून उलटी केली. विणकाम खालून बघितलं. बोटाने एक पट्टी दाबली, दुसरी ओढली, काठ कुठे बांधलाय ते शोधलं.

“काठ बांधलाच नाय,” ती म्हणाली. “टाचण्या मारल्यात.”

खरंच मारल्या होत्या. ओळीने, दर पट्टीच्या टोकाला एक.

“बाकी हात साफ हाय,” तिने कबुली दिली. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला द्यावी तशी. मधे कुठलं गोदाम, कुठलं बंदर, तिला देणंघेणं नव्हतं. “केवढ्याला घेतली?” मेहुण्याने आकडा निम्मा करून सांगितला. म्हातारीने उतरंडीतली एक टोपली काढून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि नेहमीपेक्षा 50 रुपये जास्त सांगितले. बाजाराचे नियम तिला आमच्यापेक्षा आधी कळले होते.

जाता जाता सांगतो, या म्हातारीच्या आयुष्यातला बराच काळ बांबू कायद्याने झाड होता. 1927 च्या वन कायद्यात त्याची गणना झाडांत होती, म्हणून तो तोडायला-न्यायला परवानगीची भानगड. 2017 साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. वनस्पतिशास्त्राने बांबूला गवत ठरवून जमाना झाला होता. सरकारदरबारी कागद पोचायला 90 वर्षं लागली. मुरबाडला रेल्वेची वाट बघणाऱ्या माणसाला हे फार वाटत नाही. प्लास्टिकची खुर्ची मात्र भिवंडीहून म्हशापर्यंत कुणाच्या परवानगीशिवाय आली.

पावसाळ्यात सेटचं काय होतं? माळशेजच्या बाजूने एकदा ढग उतरले की आमच्याकडे चार महिने दुसरं काही दिसत नाही. सेट सगळ्या ऋतूंत बाहेर राहील अशी कंपनीची ग्वाही आहे, आणि ती खरी आहे. धाग्याला काही होत नाही. होतं ते बाकीच्याला. पाइपांत पाणी भरतं आणि खुर्ची उचलली की ती कुणाच्या तरी पायावर लघवी करते. विणीत शेवाळ धरतं. ते काढायला जुना टूथब्रश लागतो, आणि सहा खुर्च्यांच्या भोकांची संख्या मोजायला बसलं तर दिवाळी येते. खालच्या बाजूला गांधीलमाश्या घर करतात. त्यांचं घरही तपकिरीच, त्यामुळे रंगसंगती बिघडत नाही. म्हणून जून लागला की सगळं एकावर एक रचून निळ्या मेणकापडात बांधून ठेवायचं. ऑक्टोबरात सोडायचं, तर भाताची कापणी. थंडीत जेवायला बसलं तर टेबलाच्या काचेवर दव आणि आमटीवर साय. असं करत करत बाहेर बसून जेवण्याजोग्या ज्या संध्याकाळी उरतात, त्या डासांनी आधीच घेतलेल्या असतात.

मात्र टेबलाची काच वाया गेली नाही. एप्रिलच्या उन्हात त्या काचेवर तांदळाचे पापड काय वाळतात! वरून ऊन, खालून तापलेली काच. सासूबाईंच्या मते खाटेपेक्षा सरस. छत्रीच्या भोकात बांबू उभा केला आहे, त्याला दोरी बांधून धुणी वाळतात. एका खुर्चीत कोंबडी, एका खुर्चीत दुपारी पेपर वाचताना सासरे. जेवण झाल्यावर, टेकून, डुलक्या घेत. रोमन बाईच्या ऐटीत. जेवणाची पंगत केव्हाच आतल्या खोलीत, घोंगडीवर परत गेली आहे.

तेव्हा घ्यायचाच असेल तर टेबल घेऊ नका. दोन खुर्च्या घ्या, छपराखाली ठेवा, आणि जेवून झाल्यावर बसा. क्रीम रंगाच्या गाद्या दुकानदार फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका. टोपली हवी असेल तर पौष पौर्णिमेला म्हशाला या आणि घेण्याआधी उलटी करून काठ बघा. भाव करायला माणूस लागला तर आमच्या सासूबाई दुपारी तीननंतर मोकळ्या असतात.