खणातला रणगाडा

कचेरीत मोबाइलवर रील पाहणारा माणूस कामात असतो. मान खाली, कपाळावर आठ्या, अंगठा चालू. लांबून पाहिलं तर शासनाचं एखादं परिपत्रकच वाचतोय असं वाटावं. त्याच खुर्चीत बसून एखाद्याने नेलकटरने प्लास्टिकचं इवलंसं चाक सोडवलं, की तो रिकामटेकडा! साहेबांना विचारा, नियम नेमका कोणता मोडला? साहेब म्हणतील, ‘अहो, दिसतं ना ते!’

तर या आठवड्यात या दिसण्याबद्दलच.

धुळ्यातल्या एका कचेरीत आमचे एक नाना आहेत. कचेरीचं नाव विचारू नका, कोणतीही धरून चाला. नोकरी अशी की सकाळी तासभर झुंबड, संध्याकाळी तासभर झुंबड आणि मधल्या वेळात वाट पाहणं. सर्व्हर सुरू होण्याची वाट, वरून फोन येण्याची वाट, सहीला गेलेली फाइल परतण्याची वाट. या वाट पाहण्यालाही पगार असतो आणि तो बुडवणं नानांच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून त्यांनी टेबलाच्या खालच्या खणात प्लास्टिकचे सुटे तुकडे जोडून करायच्या मॉडेलचं एक किट आणून ठेवलं. रणगाडा. प्रमाण १:३५. शिपायाने पहिल्या दिवशीच खणात डोकावून विचारलं, ‘हाई काय शे, नाना?’

‘रणगाडा शे.’

‘चालस का?’

‘नही. पन फाइल तरी कोठे चालस?’

फाइल चालावी म्हणून आपल्याकडे कायदा आहे, हे नानांना पाठ आहे. २००५ चा, बोलीभाषेत ‘दप्तर दिरंगाई कायदा’. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. रणगाड्यासाठी असा कायदा नाही. तरी रणगाडा पूर्ण झाला. फाइलीबद्दल पुढच्या महिन्यात बोलू.

राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि बदल्यात रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा केली. जेवणाला अर्धा तास, तोही एक ते दोनच्या दरम्यान. नानांची तक्रार अशी की अर्ध्या तासात डबा संपतो, पण सांधा वाळत नाही. या किटचा गोंद म्हणजे फेव्हिकॉल नव्हे. तो दोन्ही तुकड्यांचं प्लास्टिक थोडं विरघळवतो आणि मग ते एकजीव होतं. बोटाने लगेच स्पर्श करून बघाल तर तुमचा ठसा रणगाड्यावर कायमचा उठतो. आधी चौकटीतून तुकडा सोडवायचा, ब्लेडने कडा साफ करायच्या, पॉलिश पेपर मारायचा, चिकटवायचं आणि हात मागे घेऊन थांबायचं. नंतर रंग. मग पाण्यात भिजवून अलगद सरकवायची ती आकड्यांची आणि चिन्हांची चित्रं. त्यात मे महिन्यातला खान्देश. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला की रंग तुकड्यावर पोचण्याआधी ब्रशवरच वाळून बसतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या कामाचा निम्मा भाग थांबण्याचा आहे. कोणत्याही क्षणी खण ढकलून उठता येतं आणि तासाने परत बसलं तरी काही बिघडलेलं नसतं. उलट सांधा आणखी पक्का झालेला असतो. रीलचं तसं नाही. रील सोडायला लावलं की माणूस चिडतो आणि तो राग खिडकीसमोरच्या आजीवर निघतो. आम्ही तर म्हणतो, खिडकीआड कोण बसलाय हे लोकांना आधी कळावं म्हणून पाटी लावा: येथे किटवाला, येथे रीलवाला. रांग कोणती लांब होते ते पाहू.

(आमची बाजू एकदम सरसकटही समजू नका. खिडकीपुढे लोक उभे असताना जो चाक चिकटवत बसेल, त्याला वेतनवाढ नाही, रणगाडाही नाही. रेल्वे फाटकावर तर असलं काही नकोच. आणि बंद खोलीत त्या गोंदाचा, थिनरचा वास शेजाऱ्याच्या डोक्यात जातो, ही शेजाऱ्याची तक्रार अगदी रास्त आहे. खिडकी उघडा, नानासाहेब.)

हे असले चाळे परदेशी, असंही एक साहेब म्हणाले. परदेशी आहेतच, आणि जन्माला आले तेच मुळी नोकरीच्या वेळात. ब्रिटनमधल्या एअरफिक्स कंपनीने १९४९ च्या सुमारास पहिलं मॉडेल काढलं ते विमानाचं नव्हे, रणगाड्याचंही नव्हे. ते होतं फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरचं, आणि केलं होतं ट्रॅक्टर कंपनीच्या विक्री प्रतिनिधींसाठी. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात टेबलावर ठेवून दाखवायचा ऑफिसचा माल. आधी ते कारखान्यातच हाताने जोडून देत. मग लक्षात आलं की जोडायचं काम गिऱ्हाइकावर ढकललं तर स्वस्त पडतं. आपल्या कचेऱ्यांना ही युक्ती कुणी शिकवायची गरज नाही. ‘झेरॉक्स तुम्हीच काढून आणा, फॉर्म तुम्हीच भरा’ हे त्याच जातीतलं.

आणि हे १:३५ कुठून आलं? युद्धशास्त्रातून आलं असं वाटतं ना? जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं. आत मोटर आणि बॅटरीचे सेल बसले पाहिजेत म्हणून अंग जरा फुगवलं. नंतर खऱ्या रणगाड्याशी मोजून पाहिलं तर प्रमाण निघालं पस्तिसाव्या हिश्श्याचं. किट खपलं, कंपनीने तोच आकडा पुढे चालवला, आणि जगाने तो पवित्र मानला. सेलच्या मापावरून जगाचं प्रमाण ठरलं. आपल्याकडे आधी खड्डा पडतो आणि मग त्याच्या मापाने अंदाजपत्रक तयार होतं, त्यापेक्षा हे पुष्कळ शास्त्रशुद्ध म्हणायचं.

आता खान्देशाकडे. मोकळ्या वेळाचा आमचा इतिहास साधा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. फेब्रुवारी ते जून, अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. ‘गीता प्रवचने’ अशी तयार झाली. धुळ्यात मोकळ्या वेळाचा सगळ्यात चांगला उपयोग तुरुंगात झाला, आणि तो विक्रम मोडायचा प्रयत्नसुद्धा अजून कोणत्या कचेरीने केलेला नाही.

चाळीसगावला केकी मूस होते. १९१२ ते १९८९. स्टेशनजवळच्या आपल्या घराचा उंबरा त्यांनी कित्येक वर्षं जवळजवळ ओलांडलाच नाही. आणि त्या घरात एका टेबलावर ते दुनिया मांडत. छोट्या छोट्या वस्तू अशा रचायच्या आणि उजेड असा टाकायचा की फोटोत अख्खा देखावा खराखुरा उभा राहावा. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला, आणि तिनेच त्यांचं नाव जगात नेलं. आज मूस आपल्या एखाद्या कार्यालयात असते तर? ‘मूससाहेब, टेबलावर हा काय पसारा? खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ बरं झालं, त्यांनी नोकरी केली नाही.

भुसावळला तर सरकार स्वतःच हा उद्योग करतं. तिथे क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्था आहे. तिच्या मॉडेल रूममध्ये छोटे रूळ, छोटे सिग्नल, छोट्या गाड्या मांडून ठेवल्या आहेत आणि कर्मचारी गाड्यांचं संचालन त्यांवर गिरवतात. ड्युटीच्या वेळात आणि पगारासकट! तिथे त्याला प्रशिक्षण म्हणायचं आणि नानांच्या खणात सापडलं की शिस्तभंग. एसटीचंही तेच. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं नुसत्या चासीवर पत्रा, खिडक्या, बाकं चढवून गाड्या बांधल्या गेल्या. ते १:१ प्रमाणातलं किटच की. तेवढं मोठं केलं की त्याला महामंडळ म्हणतात.

आणि आमची पीजे? पाचोरा-जामनेर. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. ५६ किलोमीटर ही खेळण्याएवढी गाडी कापूस, बाजारकरी आणि शाळेची पोरं घेऊन धावली, धावली म्हणजे आपली चालली. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा निघाली नाही. आता त्या मार्गाचं ब्रॉडगेज होणार आहे. चांगलंच आहे, जामनेरकरांनी किती दिवस खेळण्यात बसायचं! पण आता पीजे बघायची तर फोटोत बघा, हातात घेऊन बघावं असं काही दुकानात मिळत नाही. गंमत म्हणजे तिचं १:४८ ने मॉडेल केलं तर रूळ १६ मिलिमीटरांच्या आसपास येतो, आणि १६.५ मिलिमीटरचा मॉडेल रूळ जगभर तयार मिळतो. जगाने रूळ टाकून ठेवलाय, आपण गाडी काढत नाही.

नानांना लालपरी जोडायची आहे. नानांना रावेर-सावद्याहून केळीचे घड भरून दिल्लीकडे निघालेला ट्रक जोडायचा आहे, मागच्या फळीवरच्या रंगीत अक्षरांसह. मिळतो काय? जर्मन रणगाडा. ज्या धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात, रात्रंदिवस ट्रक मोजायचे म्हटलं तर बोटं झिजतील, तिथल्या माणसाने १९४३ सालचा पँथर जोडत बसायचं. राज्यभरात एसटीवेडी पोरं आहेत. ती सनबोर्ड, फोमशीट कापून हातानेच हुबेहूब लालपरी उभी करतात, अगदी पाटीपर्यंत. त्यांच्या हाताला सलाम. पण ज्याला कापता येत नाही, नुसतं जोडता येतं, त्याने काय करायचं?

बाहेरून मागवायचं तर सरकार आडवं येतं. सीमाशुल्काच्या तक्त्यात तीनचाकी सायकल, बाहुली आणि प्रमाणबद्ध मॉडेल एकाच ओळीत बसवली आहेत. २०२० मध्ये या ओळीवरचं मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. दुसरीकडे खेळण्यांच्या गुणवत्तेचा जो आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, तो खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू असं मानतो. म्हणजे कर भरताना नाना बाळ आणि आयएसआय शिक्क्याच्या वेळी बाप्ये. निवृत्तीला आलेल्या माणसाचं वय असं दोन खात्यांत दोन प्रकारे लागलेलं हे बहुधा एकच उदाहरण नसावं.

शुल्क वाढवलं ते देशी कारखान्यांनी खेळणी करावीत म्हणून. ठीक. मग कुठाय आमचं देशी किट?

हे विचारायला लांब जायला नको, जळगाव एमआयडीसी पुरे. प्लास्टिकची चटई म्हटली की जळगाव. पाइप म्हटला की जळगाव. ठिबकचा तो बोटाच्या पेराएवढा ड्रिपर, ज्याच्या आतली वाट केसभर चुकली तरी थेंब बिघडतो, तो हजारोंनी साच्यातून काढणारे हात याच गावात आहेत. रणगाड्याचं चाक याहून अवघड नाही. डाय महाग पडते हे आम्हालाही कळतं. पण शेठ, एक डाय केळीच्या ट्रकची करून बघा, एक पीजेची. डब्यावर जोडणीचा तक्ता मराठीत छापा. पहिलं गिऱ्हाईक धुळ्यात तयार आहे, पैसे रोख देईल. डबा तेवढा कचेरीच्या पत्त्यावर पाठवू नका.