बिनरक्ताची कत्तल

जॉन मॅकटीर्नन यांच्या २००२ सालच्या ‘रोलरबॉल’ला लोकांनी फार शिव्या घातल्या. मला हा अन्याय वाटतो. मूळ चित्रपटाच्या शिकवणुकीशी इतका प्रामाणिक राहिलेला रीमेक हॉलिवूडमध्ये विरळाच. फक्त हा प्रामाणिकपणा पडद्यावर शोधायचा नाही. तिथे तो नाहीच.

आधी मूळ चित्रपट. १९७५ साली नॉर्मन जेविसन यांनी विल्यम हॅरिसन यांच्या कथेवरून तो काढला. काळ २०१८. देश संपलेत, युद्धं संपलीत, गरिबीही संपलीय, कारण सगळं जग मूठभर कंपन्यांनी आपसात वाटून घेतलंय. ऊर्जा एकीकडे, अन्न दुसरीकडे, घरं तिसरीकडे. जनतेच्या हाती उरलाय एक खेळ. गोल ट्रॅक, पायांत चाकांचे बूट, जोडीला मोटारसायकली आणि एक पोलादी गोळा. खेळाडू मरतात, प्रेक्षक खूश होतात. ह्यूस्टनचा संघ ऊर्जा कंपनीच्या मालकीचा. (तेलवाल्यांनी एखाद्या शहराचा संघ बाळगावा, ही १९७५ साली विज्ञानकथा होती. मुंबईकरांनी हसू नये.)

खेळामागचा हेतू साधा: एकट्या माणसाच्या धडपडीला काडीचाही अर्थ नाही, हे लोकांच्या मनावर ठसवणं. घोटाळा होतो तो जेम्स कान यांच्या जोनाथनमुळे. तो मरत नाही, उलट लोकांचा लाडका होतो. कंपनी म्हणते, निवृत्त हो. तो ऐकत नाही. मग कंपनी नियमच काढून टाकत जाते. टोकियोविरुद्ध दंड बंद. न्यूयॉर्कविरुद्ध बदली खेळाडूही बंद आणि वेळेची मर्यादाही बंद. हा निर्णय नेमका घेतं कोण, याचा शोध घेत जोनाथन जिनिव्हाच्या महासंगणकापर्यंत पोचतो, तर तिथे कळतं की त्या यंत्राने आख्खं तेरावं शतक हरवून टाकलंय.

रीमेकवाल्यांनी शतकावर भागवलं नाही. ती बैठक माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते.

“कंपन्यांचं राज्य?”

“काढा. आपलीही कंपनीच आहे.”

“२०१८ साल?”

“कोण थांबतंय एवढं? २००५ करा.”

“साहेब, ते तर तीन वर्षांवर आलं. मग वेगळं जग कुठून आणायचं?”

“कझाकस्तान घ्या. तिथून कोण तक्रार करायला येतंय?”

“आणि तो माणूस विरुद्ध व्यवस्था वगैरे मुद्दा?”

“पायांत स्केट्स आहेत ना? पुरे.”

उरला तो क्रिस क्लाइनचा गोंडस चेहरा, एलएल कूल जे, आणि संघमालकाच्या वेषात डोळे वटारणारे जाँ रेनो. या मालकाला शोध लागतो की मैदानात रक्त सांडलं की टीव्हीवरच्या प्रेक्षकसंख्येचा आकडा टुणकन वर उडतो. वा! इथे जरा धार येईलसं वाटतं. पण प्रत्यक्षात झालं असं की चाचणी प्रेक्षकांनी नाकं मुरडली, २००१ च्या उन्हाळ्यातलं प्रदर्शन पुढच्या फेब्रुवारीवर गेलं आणि तेरा वर्षांवरची पोरंही एकटी तिकीट काढू शकतील असं प्रमाणपत्र मिळावं म्हणून चित्रपटाला कात्री लागली. आकड्यासाठी माणसं कापणाऱ्या मालकाची गोष्ट अशी आकड्यासाठीच कापली गेली. हिंसेवरच्या चित्रपटातली हिंसा काढली की जे उरतं, ते उपवासाचं मटण. नायक रात्री सरहद्दीकडे पळतो तो लांबलचक प्रसंग मात्र वाचला असावा, कारण तो नाइट-व्हिजनच्या हिरव्या रंगात बुडवलाय. कापायचं म्हटलं तरी आधी काही दिसायला हवं.

आता मॅकटीर्नन म्हणजे काही ऐरागैरा दिग्दर्शक नव्हे. ‘प्रीडेटर’ त्यांचा, ‘डाय हार्ड’ त्यांचा. जेविसन यांच्याच ‘द थॉमस क्राउन अफेअर’चा रीमेक त्यांनी १९९९ साली झोकात केला होता. असा माणूस सुमारे ७ कोटी डॉलर घेऊन मैदानात उतरला आणि जगभरातून जेमतेम अडीच कोटींच्या वर गल्ला घेऊन परतला. एकट्याच्या धडपडीबद्दल मूळ चित्रपटातली कंपनी जे सिद्ध करू पाहत होती आणि जोनाथनने जे होऊ दिलं नाही, ते इथे कुणाही खलनायकाच्या मदतीशिवाय पार पडलं.

आणखी एका बाबतीत हा रीमेक मूळच्या पुढे गेला. तिथे कंपनी माणसावर नजर ठेवते. इथे दिग्दर्शकाने अँथनी पेलिकानो नावाचा खासगी गुप्तहेर गाठून निर्माते चार्ल्स रोव्हन यांचे फोन चोरून ऐकण्याची व्यवस्था केली. जोनाथनला हे सुचलं नव्हतं. पुढे एफबीआयने विचारलं तेव्हा मॅकटीर्नन खोटं बोलले, ते पकडलं गेलं आणि २०१३ साली ते साउथ डकोटातल्या तुरुंगात दाखल झाले. शिक्षा झाली ती खोटं बोलल्याबद्दल. चित्रपटाबद्दल नव्हे, तसं कलम अमेरिकेच्या कायद्यात अजून आलेलं नाही.