नाव ऐकलं, आता बंद करा

18 एप्रिल 1930. गुड फ्रायडेची संध्याकाळ. बीबीसीच्या निवेदकाने आज बातमी नाही एवढंच सांगितलं आणि उरलेला वेळ पियानो वाजला. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या आमच्या जमातीला असं सुख पुन्हा लाभलेलं नाही. दहा मिनिटांचं बातमीपत्र म्हणजे दहा मिनिटं. जगात काही घडो न घडो, ते भरलंच पाहिजे. दिवस अगदीच कोरडा गेला, तरी कुणीतरी पालकमंत्री कुठेतरी नारळ फोडतोच.

मी नैमित्तिक वृत्तनिवेदिका. महिन्याकाठी मोजक्या ड्यूट्या आणि "नोकरी कायमची ना?" या प्रश्नाला उत्तर म्हणून एक गोड हसू. सकाळच्या बातमीपत्रासाठी पहाटे घर सोडायचं. त्या वेळी रस्त्यावर दूधवाले, कुत्री आणि मी. रिक्षावाल्याला मी नर्स वाटते. आकाशवाणीत जायचंय म्हटलं, की तो आरशात बघून विचारतो, "गाणी लावता का?" बातम्या वाचते म्हटल्यावर त्याचा चेहरा पडतो.

स्टुडिओत शिरण्याआधी हातातल्या काचेच्या बांगड्या निघतात. कांजी केलेली सुती साडी नेसायची नाही, ती माइकला पावसासारखी ऐकू येते. बातम्यांचे कागद पाठकोरे आणि सुटे. उलटायचे नाहीत, वाचून झालेलं पान हळूच बाजूला सरकवायचं. लाल दिवा लागला, की खाकरायचीसुद्धा चोरी. आणि नेमकं अशा वेळी संपादक चवड्यांवर चालत आत येतात आणि डोळ्यांपुढे एक चिठ्ठी धरतात. क्रिकेटच्या विजयाने फुललेला आवाज एका श्वासात खाली आणून ज्येष्ठ नेत्याचं निधन वाचायचं असतं. हसू अजून ओठांच्या कोपऱ्यात असतं. रेडिओवर ते दिसत नाही, ही देवाची कृपा.

लोकांना वाटतं, आम्हाला परदेशी नावांची धास्ती असते. मुळीच नाही. 2010 साली आइसलंडमधल्या एय्याफ्यालायोकुलच्या राखेने युरोपची विमानं जमिनीवर आणली, तेव्हा आमच्या संपादकांनी कागदावर 'आइसलंडमधील एक ज्वालामुखी' असं लिहून सगळ्यांची सुटका केली. आइसलंडहून कुणाचाही फोन आला नाही. पण नुसतं 'तळेगावमध्ये' म्हणून बघा! तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे, दोन्हीकडून विचारणा होते. आणि अपघाताची बातमी असेल तर दोन्हीकडून इन्कार.

या सगळ्या मजकुरात वाचणाऱ्याचं स्वतःचं असं एकच असतं, नाव. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत सकाळी 7:05 ला 'सुधा नरवणे' हे नाव ऐकू आलं, की मुलांच्या पाठीत धपाटा बसायचा, कारण शाळेला उशीर झालेला असायचा. त्याआधी 6:55 ला संस्कृत बातम्या. त्यांतलं एक अक्षर न कळताही 'प्रवाचकः बलदेवानन्द सागरः' अख्ख्या पिढीला पाठ! बातमी कुणाला आठवत नाही; नाव आणि वेळ आठवते.

आमच्या घरी तर याचा कळस झाला. लग्नानंतर सासूबाईंची एकच अट होती, रेडिओवर आमचं आडनाव आलं पाहिजे. आईची अट, माहेरचं जाता कामा नये. मी दोन्ही लावायला तयार होते. संपादकांनी घड्याळाकडे बघितलं. "दोन आडनावं म्हणजे एका धरणाचा विसर्ग कमी करावा लागेल," ते म्हणाले. ऐन जुलैत क्युसेकशी कोण भांडणार? सासरचं आडनाव राहिलं. मग सासूबाई रोज आवाज मोठा करून रेडिओपुढे बसू लागल्या. 'आपल्याला बातम्या देत आहे' झालं, की समाधानाने म्हणायच्या, "नाव ऐकलं, आता बंद करा." माझ्या आईने मात्र तेवढं नाव सोडून पूर्ण बातमीपत्र ऐकण्याचं व्रत घेतलं होतं.

खुद्द बीबीसीत आधी नाव सांगण्याची पद्धतच नव्हती. 1940 मध्ये, महायुद्धाच्या धुमाळीत, ती सुरू झाली. शत्रूने रेडिओ ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्या तर? म्हणून अल्वार लिडेलसारखे निवेदक आपलं नाव सांगू लागले, म्हणजे श्रोत्यांनी नाव आणि आवाज यांची गाठ पक्की बांधावी. आवाज हाच ओळखीचा पुरावा! हे वाचल्यापासून मला माझ्या धंद्याचा भारीच अभिमान वाटायला लागला.

तो अभिमान घेऊनच परवा बँकेत गेले. खात्याची केवायसी करायची होती. खिडकीतल्या बाईंना मी खातेक्रमांक सांगायला लागले आणि त्यांनी मान वर केली. "अगंबाई! सकाळच्या बातम्या तुम्हीच देता ना? आमचे सासरे तुमच्या आवाजावर घड्याळ लावायचे!" शेजारच्या दोन खिडक्यांतून माना बाहेर आल्या. एकाने उजनी किती भरलं ते विचारून घेतलं. चहासुद्धा मागवला गेला. मग बाईंनी माझा फॉर्म जुन्या कार्डाशी लावून बघितला, चष्मा वर सरकवला, पुन्हा बघितला.

"आवाज तुमचाच आहे हो ताई," त्या म्हणाल्या, "पण सही जुळत नाही. आणि आडनाव तर भलतंच आहे."