अटकपूर्व जामिनावरचा हिरो

गडचिरोली जिल्हा हा चंद्रपूरचा दुसरा भाग आहे, हे आम्ही इकडचे लोक चारचौघांत बोलत नाही. 26 ऑगस्ट 1982 रोजी तो प्रदर्शित झाला. पहिला भाग आज 11 हजार 443 चौरस किलोमीटरचा, तर दुसरा 14 हजार 412. पसारा मोठा, जंगल दाट, पात्रं बरीचशी जुनीच, आणि वडशाहून गडचिरोलीला जाणारी रेल्वे 'पुढच्या भागात पाहा' म्हणून राखून ठेवलेली. तेव्हा सीक्वेल कसा असतो, यावर बोलायचा अधिकार मुंबईच्या समीक्षकांपेक्षा आम्हाला अंमळ जास्तच आहे.

निमित्त 'डेडपूल 2'चं. सिनेमा मे 2018चा, पण आमच्याकडच्या पोरांच्या मोबाइलवर तो अजून 'नवीनच' आहे. पहिला 'डेडपूल' 2016 साली 5 कोटी 80 लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात 78 कोटींच्या वर गल्ला जमवला. दुसऱ्याला जवळजवळ दुप्पट, म्हणजे 11 कोटी लागले. कमाई पुन्हा 78 कोटींच्या घरातच. खर्च दुप्पट आणि पदरात तेवढंच, हा हिशेब आमच्याकडच्या कुठल्याही ठेकेदाराला तोंडपाठ आहे. फरक इतकाच, की तिकडे खर्च खरोखर झाला होता.

डेडपूल या लाल कपड्यातल्या गड्याचं कौतुक कशासाठी? तर तो मारामारी थांबवून थेट प्रेक्षकांशी बोलतो. शहरातली जाणती मंडळी याला 'चौथी भिंत मोडणं' म्हणतात आणि माना डोलावतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, ही भिंत कधी बांधलीच गेली नाही. दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा लागतात. गावात मंडईची जत्रा नाहीतर शंकरपटाच्या बैलशर्यती, आणि रात्री नाटक. पत्रकावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, सहअध्यक्ष आणि दीपप्रज्वलक यांची नावं एवढी, की नाटकाचं नाव शोधायला चष्मा लागतो. (डेडपूलच्या नामावलीत दिग्दर्शकाचं नाव न देता 'जॉन विक'मधलं कुत्रं मारणाऱ्यांपैकी एक, असं लिहिलंय. आमच्या एखाद्या सहअध्यक्षाबद्दल असं छापून बघा!) भाषणं आटोपेपर्यंत मध्यरात्र. मग पडदा उघडतो, नायिकेचा बाप मरतो, बायका पदराने डोळे पुसतात, आणि तेवढ्यात विनोदी नट येऊन पहिल्या रांगेतल्या सरपंचाला विचारतो, "का जी, तुमच्या गावचा रस्ता कोनं खाल्ला?" सगळी बिछायत हसते. सरपंचही हसतो, कारण उद्घाटक तोच असतो. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. डेडपूल साकारणाऱ्या रायन रेनॉल्ड्सला पद्मश्री अजून मिळायची आहे.

मात्र इथेच डेडपूलच्या आणि आमच्या विनोदी नटाच्या वाटा वेगळ्या होतात. डेडपूल बोलतो, पण त्याला उलट उत्तर देता येत नाही. हिंदीत त्याला रणवीर सिंगचा आवाज आहे, म्हणजे मध्ये बोलायची सोयच नाही. झाडीपट्टीत विनोद पडला तर मागून कोणीतरी ओरडतो, आणि पुढच्या वर्षी ते गाव त्या कंपनीला तारीख देत नाही.

पडद्यावरच्या गड्याने यावर नामी तोड काढली आहे: गुन्हा करायच्या आधीच अटकपूर्व जामीन. कथेत सोय म्हणून काहीतरी घुसडलं की तो स्वतःच म्हणतो, हा लेखकांचा आळस आहे. आळस तसाच राहतो, आपण मात्र हसतो. शेवटाकडे तो जाहीर करतो की आता संगणकावर केलेली मोठी मारामारी येणार, आणि मग संगणकावर केलेली मोठी मारामारीच येते. नायकाला रडायला कारण हवं म्हणून त्याची प्रेयसी व्हेनेसा सुरुवातीलाच मारली जाते. ही युक्ती आमच्या नाटकवाल्यांनाही चांगली ठाऊक; गाणं तेही टाकतात, इथेही आहे. फक्त इथे गाण्याबरोबरच नामावलीतून थट्टा सुरू. रस्त्याच्या खड्ड्यावर भाषणात स्वतःच कोटी करून टाळ्या घेणारा पुढारी आणि हा, दोघांचा वकील एकच असावा.

तरी एक प्रसंग बावनकशी आहे, आणि तो चुकवू नका. डेडपूल जाहिरात देऊन 'एक्स-फोर्स' नावाचं पथक उभारतो. मुलाखती होतात, गाजावाजा होतो, जोराच्या वाऱ्याचा इशारा असतानाही सगळे विमानातून उड्या मारतात. मग कोणी हेलिकॉप्टरच्या पात्यात, कोणी विजेच्या तारांवर, कोणी बसवर. काम सुरू व्हायच्या आत पथक संपतं. सरकारी समित्यांचं इतकं अचूक चित्रण मी मराठी पडद्यावर पाहिलेलं नाही. त्यात पीटर नावाचा मिशीवाला साधा गृहस्थ आहे. अंगात कसलीच शक्ती नाही, जाहिरात वाचून आला. आपला वाटतो.

वाचते ती डॉमिनो. तिची शक्ती एकच: नशीब. पथकाचा म्होरक्या तिला म्हणतो, नशीब ही काय शक्ती झाली? या माणसाने मे महिन्यात सिंदेवाहीच्या जंगलात पहाटे तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायका पाहिल्या असत्या तर हा प्रश्न विचारला नसता. वाघाच्या वाटेवरून पुडकी बांधून दुपारी घरी परतणं, हेच तिथलं एक्स-फोर्स. पोशाख: डोईला फडकं.

खरी गोची आमच्या एका पोट्ट्याने पकडली. जखमा आपोआप भरतात, स्फोटाने चिंधड्या झाल्या तरी हा परत उभा. पोट्टा म्हणाला, "हा मरतच नाही, तं भेव कायचा गा?" यावर सिनेमावाल्यांकडे उत्तर नाही. उलट शेवटी नामावलीच्या आड डेडपूल काळ मागे फिरवून व्हेनेसालाही जिवंत करतो आणि पीटरलाही. आपण गाळलेले अश्रू परत मागायची खिडकी कुठे आहे, ते सांगत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिव्या आणि रक्त धुऊन हाच सिनेमा मुलांसाठी दुसऱ्या नावाने पुन्हा विकला. पुढे 2024च्या भागात मेलेल्या वूल्व्हरिन या दुसऱ्या सुपरहिरोची कबर उकरून त्याच्या हाडांनी मारामारी केली, आणि त्यावर 130 कोटी डॉलरहून जास्त मिळवले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच.

माझा निकाल असा: 'डेडपूल 2' एक्स-फोर्ससाठी आणि डॉमिनोसाठी जरूर बघा, शेवटची मारामारी आली की चहा टाकायला उठा. आणि प्रेक्षकांशी बोलणारा हिरो समोरासमोर बघायचा असेल तर दिवाळीनंतर वडशाकडे या. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, थंडी कडाक्याची असते, शाल घरून आणा.