रणजी करंडकाचा अनुशेष

राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखाद्या प्रदेशात सिंचन, रस्ते, वीज अशा बाबतींत साचत गेलेल्या तुटीला शासकीय मराठीत ‘अनुशेष’ म्हणतात, आणि वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984च्या अहवालात ही तूट क्षेत्रवार मोजून तिची रुपयांतील किंमतही काढून दाखवली. त्या अहवालात रणजी करंडकाचा रकाना नव्हता, ही विद्वानांच्या नजरेतून निसटलेली एक गंभीर त्रुटी मानावी लागेल. कारण प्रथम श्रेणी क्रिकेटच्या, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांच्या, या सर्वोच्च देशांतर्गत स्पर्धेत विदर्भाचा संघ 1957-58च्या हंगामापासून उतरत होता आणि करंडकांच्या खात्यात त्याची शिल्लक शून्य होती.

हा अनुशेष इतर सर्व अनुशेषांपेक्षा अवघड होता, कारण त्याचे खापर फोडायला डोके सापडत नव्हते. 1956मध्ये राज्य पुनर्रचनेत नागपूरने मध्य प्रदेशाच्या राजधानीचा मान गमावला आणि पुढच्याच वर्षी विदर्भाचा स्वतःचा रणजी संघ मैदानात आला. म्हणजे जे वेगळे राज्य राजकारणाला अद्याप मिळवता आलेले नाही, ते क्रिकेटने मोर्चा न काढता, रेल्वे न अडवता मिळवून टाकले. एकाच महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ या स्पर्धेत खेळतात, ही व्यवस्था सहा दशके सुखेनैव चालू आहे. परिणामी कालव्याचे पाणी दुसरीकडे वळवले अशी तक्रार करता येत असली, तरी स्लिपमध्ये सुटलेला झेल मंत्रालयाने सोडायला लावला असे सिद्ध करणे नागपूरच्या निष्णात वकिलांनाही जमले नाही.

तरीही आशा जिवंत होती, आणि तिची रचना अभ्यासण्याजोगी आहे. वर्धा मार्गावरील एखाद्या पोह्यांच्या ठेल्यावर तर्रीच्या दुसऱ्या वाढीसोबत जी चर्चा चाले, तिच्यात तीन सिद्धांत आढळतात. पहिला अंगणाचा : नाचता न येणाऱ्यास अंगण वाकडे असते, तशी पराभूत संघास खेळपट्टी वाकडी असते, मग ती घरची का असेना. दुसरा गटाचा : 2002-03पासून रणजी संघांची ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ अशी वरच्या-खालच्या गटांत विभागणी झाली आणि विदर्भ बराच काळ खालच्या पंगतीत बसला, त्यामुळे श्रेष्ठ संघांकडून हरण्याची संधीच पुरेशी मिळत नाही, असे सांगता येऊ लागले. तिसरा सिद्धांत पुढच्या वर्षाचा, आणि तो स्वयंसिद्ध असल्याने त्याची सिद्धता कोणी मागत नसे. दरम्यान 2008मध्ये नागपूरचे शशांक मनोहर भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले, त्याच वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याच्या भव्य स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. एकूण करंडक सोडल्यास विजेत्या संघाजवळ जे जे असावे लागते, ते सर्व नागपुरात येऊन पोहोचले.

अशा प्रतीक्षेचे जागतिक दाखले आहेत. बेसबॉल या अमेरिकी चेंडू-दांडूच्या खेळात शिकागो कब्स हा संघ 1908नंतर थेट 2016मध्ये विजेता ठरला, आणि मधल्या दुष्काळाचे कारण म्हणून, 1945मध्ये बोकडासह सामना पाहू न दिलेल्या एका मद्यगृहमालकाचा शाप सांगितला जाई. विदर्भाला इतका सोयीस्कर बोकड कधी लाभला नाही. येथे शापाऐवजी आकडेवारी होती, आणि आकडेवारीला उतारा नसतो.

अखेर 2017-18च्या हंगामात अनुशेष दूर झाला, तोही प्रत्येक तक्रारीची गोची करत. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, अनुभवी फलंदाज वसीम जाफरही मुंबईचे. म्हणजे ज्या शहराकडे विदर्भ साठ वर्षे बोट दाखवत आला, तेथूनच मदत आली. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाला विजयासाठी 198 धावा हव्या होत्या आणि ते पाच धावांनी कमी पडले. सामन्यात बारा बळी घेणारा रजनीश गुरबानी अभियांत्रिकीचा पदवीधर असल्यामुळे, नागपुरातील अगणित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा काही उपयोग असल्याचा पुरावाही हाती लागला. अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध त्रिक्रम, म्हणजे लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी, साधला, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक ठोकले, आणि 1 जानेवारी 2018 रोजी कर्णधार फैज फझलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक जिंकला. हे घडले इंदूरला, त्याच मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी गेल्याचे दुःख नागपूरला अधूनमधून आठवते.

विजयानंतरची गैरसोय मोठी होती. दारिद्र्यरेषेखालील माणसाला अचानक आयकराची नोटीस यावी तसे चाहत्यांचे झाले, कारण 2018-19मध्ये जामठ्यावर सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून संघाने करंडक राखला आणि योगायोगाचे कारणही हातचे गेले. 2024मध्ये वानखेडेवरील अंतिम सामन्यात मुंबईने हरवून आपला बेचाळिसावा करंडक नेला, तेव्हा जुन्या चाहत्यांना किंचित हायसे वाटले असावे. परंतु पुढच्याच हंगामात विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला जामठ्यावर 80 धावांनी नमवून तेही सुख हिरावले. त्या मोसमात हर्ष दुबेने 69 बळींचा स्पर्धेतील विक्रम केला, आणि अंतिम फेरीत समोर आला प्रथमच तेथवर पोहोचलेला केरळ, म्हणजे कालचा विदर्भच. 2019च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता, तर 2017-18च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध शतक झळकावणारा ध्रुव शोरी विदर्भाच्या बाजूने होता. त्यामुळे नेमके कोणाला शिव्या द्याव्यात, हा प्रश्न प्रेक्षागारात शेवटपर्यंत अनिर्णित राहिला.

सामनाही तसाच राहिला. दानिश मालेवारच्या 153 धावांमुळे विदर्भाने पहिल्या डावात 379 धावा केल्या, केरळने 342, आणि पाच दिवसांत सामना निकाली न निघाल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरवण्याच्या नियमानुसार 2 मार्च 2025 रोजी विदर्भाला तिसरा करंडक मिळाला. करंडक कपाटात आला, पण अधिकृत नोंदीत सामना जिंकल्याचा उल्लेख नाही. एवढा अनुशेष शिल्लक ठेवल्याबद्दल नागपूरकरांनी नियम करणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत.