ओरखड्याचे पैसे

बाड कान्श्टाट, श्टुटगार्ट
शनिवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,


बाबांनी फोनवर 'अ‍ॅक्सिडेंट' एवढा एकच शब्द ऐकला आणि फोन आईच्या हातात दिला. आईने तो माई आत्याला पोचवला. आता माई आत्या विचारतेय, ओवीचं प्लास्टर कधी निघणार? म्हणून हे पत्र. कुकर लावलाय, मशीन फिरतंय, मध्येच तुटलं तर समजून घ्या. कुणाचा हात मोडलेला नाही. आमच्या 2010 च्या गोल्फच्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा आलाय, तोही गाडी खाली उभी असताना आणि आम्ही वर पोहे खात असताना.

ओरखडा काढला खालच्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांनी बेल वाजवली, पण मिक्सर चालू होता, ऐकू आली नाही. मग त्यांनी पोलिसांना फोन केला. स्वतःविरुद्ध! दारात दोन पोलीस बघून निखिलचा चेहरा असा झाला की बघवेना. व्हिसा, कर, कचऱ्याच्या पिशव्या, काय काय त्याच्या मनातून गेलं असेल.

आता इथला कायदा ऐका. उभ्या गाडीला धक्का लागला तर वायपरखाली नाव-नंबर लिहून चिठ्ठी ठेवणं पुरत नाही. गाडीपाशी थांबायचं. किती वेळ? परिस्थितीला योग्य तेवढा. म्हणजे किती, ते कायदा सांगत नाही. मालक आलाच नाही तर पोलिसांना कळवायचं. यातलं काही न करता निघून गेलात तर गुन्हा, आणि शिक्षा दंड किंवा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्यामुळे ऐंशी पार केलेल्या आजी आमच्या गाडीशेजारी छत्री धरून उभ्या. मी चहा घेऊन खाली गेले, वर या म्हटलं, तर म्हणाल्या, पंचनामा व्हायचाय, गाडी सोडून कशी येऊ? चहा उभ्यानेच घेतला. आलं चालतं त्यांना.

आपल्या भोपाळच्या दहा नंबर मार्केटात हेच झालं असतं तर? "को खां, दिखता नहीं क्या?" पासून सुरुवात, सात-आठ पंच जमले असते, दोघांच्या गाड्यांची, मग दोघांच्या ड्रायव्हिंगची, मग महापालिकेची समीक्षा झाली असती, आणि पाच मिनिटांत सगळे पांगले असते. ओरखडा आपापल्या घरी.

पण खरा धक्का पुढे. गॅरेजवाल्याने अंदाजपत्रक दिलं, 1,190 युरो. बाबा, युरोला शंभर रुपये धरले तरी सव्वा लाखाला थोडेच कमी. एका दाराचे! मजुरी तासाला दीडशेच्या वर. शिवाय नुसतं दार रंगवून चालत नाही म्हणे, शेजारच्या पत्र्यावरही रंग विरळ करत न्यावा लागतो, नाहीतर उन्हात दोन चांदी रंग वेगळे दिसतात. अख्ख्या गाडीचे आज साडेतीन हजारही येणार नाहीत. आणि हे गाव कुठलं, तर डाइम्लरने 1886 मध्ये आपली पहिली मोटार केली तेच कान्श्टाट. इथे लोक गाडीला देव्हाऱ्यातल्या पितळी भांड्यासारखं पुसतात. पण घराखाली धुवायची सोय नाही. तेल गटारात जातं म्हणून रस्त्यावर गाडी धुवायला मनाई, पैसे भरून वॉशिंगला न्यायची. तुमच्याकडचा रोज बादली घेऊन येणारा पोरगा इथे पकडला गेला असता.

आणि आता बाबांना आवडेल असा कायदा. चूक दुसऱ्याची असेल तर त्याच्या विमा कंपनीने दुरुस्तीचे पैसे द्यायचे, पण दुरुस्ती करायलाच हवी असं नाही! अंदाजपत्रक दाखवायचं, पैसे खिशात घालायचे, ओरखडा तसाच ठेवायचा. फक्त 19 टक्के कर मिळत नाही, कारण तो तुम्ही भरलेलाच नसतो. म्हणजे आमचे हजार झाले. विमावाल्यांनी मजुरीचा दर जास्त म्हणून आणखी कापले, आले 870. निखिल पुण्याचा असूनही अर्धा मिनिट गप्प होता. मग म्हणाला, आजींना दुसरं दारही दाखवू का?

अर्थात यात मेख आहे. त्याच जागी पुन्हा कुणी ठोकलं तर तिथले पैसे परत मिळत नाहीत, विमावाल्यांच्या सामाईक नोंदीत आपली गाडी लिहिली जाते, आणि विकताना गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. ही गाडी विकणार कोण?

तरी मी ओरखड्यावरून नख फिरवून पाहिलं. नख न अडकता सरकलं तर फक्त वरचं पारदर्शक वॉर्निश गेलेलं असतं, पॉलिशने भागतं. आमचं अडकलं. एका ठिकाणी तर पत्रा दिसतोय. हिवाळ्यात इथे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, उघड्या पत्र्याला ते गंजवतं. म्हणून दाराच्या रंगाचा नंबर बघून (एलए7डब्ल्यू, चांदी) टचअपचं पेन आणलं, पंधरा युरो. नेलपॉलिशसारखा ब्रश असतो. ओवीने हट्टाने लावून दिलं, त्यामुळे ओरखडा आता दुरूनही दिसतो. दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत असल्या दिसण्यावर कुणी नापास करत नाही, गंजाने पोखरलं तर करतात.

आता तुमची वॅगन-आर. आई म्हणाली, फाटकाला बंपर घासला म्हणून बाबा विमा घेऊन नाक्यावर निघालेत, आणि तो डेंटिंग-पेंटिंगवाला "पूरी गाडी चमका दूंगा" म्हणतोय. बाबा, थांबा. बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही, भोपाळात मीठही टाकत नाहीत. विम्यातून पहिले हजार तुमचेच जाणार, वर पाच वर्षांत कमावलेला 50 टक्के नो क्लेम बोनस एका फटक्यात शून्य. पंधरा वर्षं भरत आलीत, नोंदणी वाढवायला 5,000 रुपये लागतील (1 एप्रिल 2022 आधी 600 च होते, हे तुम्ही मला चारदा सांगितलंय), ते पैसे त्यासाठी ठेवा. तिथे ब्रेक आणि दिवे बघतात, चमक नाही.

आणि दाराचा खळगा तर मुळीच बुजवू नका. दादाच्या बॉलचा, ज्याचं बिल तो अजून वॉचमनवर फाडतो, तोच. स्टेशनाबाहेर पांढऱ्या वॅगन-आर ओळीने उभ्या असतात, त्या खळग्यावरून मला आपली लांबून कळते. तो गेला तर मी बॅगा कुणाच्या डिकीत टाकू?

स्टेशनावरून आठवलं. नंदूकाकांच्या रिक्षाच्या पैशांवरून अजून अबोला आहे का? नोव्हेंबर 2021 पासून हबीबगंजला पाटी राणी कमलापतीची आहे, हबीबगंज येईल म्हणून ते बसून राहिले आणि भोपाळ जंक्शनला उतरले, यात बाबांची काय चूक? पण बाबा, तुम्हीच फोनवर 'हबीबगंजला उतर' म्हणालात, हे आईने मला सांगितलंय. निम्मे द्या.

वहिनीला सांगा, तिचा चिवडा पोचला. पेढे पुन्हा नको, दुधाचं काही बाहेरून आणायला इथे बंदी आहे. बरण्यांभोवतीचे पेपर मी इस्त्री करायचे तेवढे बाकी ठेवले, इतके सरळ करून वाचले. कुठल्या भागात लाइट जाणार त्याची यादी होती, त्यात आपली कॉलनी, सकाळी अकरा ते दोन. निखिल म्हणाला, इतकं मन लावून काय वाचतेयस? म्हटलं, आमची लाइट जाणार आहे. अगं, तारीख मागच्या महिन्यातली, तो म्हणाला. तरी मी उठून फोन चार्जिंगला लावला.

शिट्ट्या झाल्या. दारावर या आठवड्याची झाडलोटीची पाटी लटकलीय, जिना आमच्याकडे आहे, आणि आजी बघतात. गाडी नाक्यावर गेलीच असेल तर काय काय रंगवलं ते आईने कळवावं. बाबांनी कळवू नये.

तुमची,
मनू

ता. क. माई आत्याने ओवीसाठी नवस बोलला असेल तर तो आता बंपरकडे वळवा.