छंदाची वर्गणी

मराठी माणसाला पैसे मागायची लाज वाटते, हे अर्धसत्य आहे. गणपतीची वर्गणी असेल तर तो भर दुपारी, घरचा कर्ता नुकताच आडवा झालेला असताना, बेधडक बेल वाजवतो. स्वतःच्या छंदासाठी मागायची वेळ आली की त्याचा घसा बसतो.

मालाड पूर्वेला आमच्या मजल्यावरचे काका व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करतात आणि त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. मर्फी, बुश, फिलिप्स. माल भंगारवाल्याकडून येतो आणि ऐन शूटिंगमध्ये त्याचीच आरोळी खिडकीतून घुसते. काका ती कापत नाहीत. "पुरवठादाराचं नाव यायलाच हवं," म्हणतात.

यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी बघितलेले 4,000 तास लागतात. मेंबरशिपचं, म्हणजे प्रेक्षकांच्या वर्गणीचं, दार मात्र 2023 पासून 500 सबस्क्रायबर, 3,000 तास आणि 90 दिवसांत तीन व्हिडिओ एवढ्यावर उघडतं. कर वजा जाता वर्गणीचे 70 टक्के चॅनेलला. म्हणजे साबणवाल्याच्या आधी प्रेक्षकापुढेच हात पसरायचा. मला हा क्रम पसंत आहे. बघणाऱ्याला खरंच काही मिळतंय का, ते लगेच कळतं.

काकांना मात्र हा क्रम झेपत नव्हता. "मेंबर व्हा" हे दोन शब्द ते सोल्डरिंग आयर्नकडे बघत पुटपुटले. आतून काकू म्हणाल्या, "अहो, कॅमेऱ्याकडे बघा. उसने मागताय का?"

इमारतीतून एकही मेंबर झाला नाही. "आपली भिंत एक," शेजारच्या जोशीबाई म्हणाल्या, "तुमची ठाकठोक आम्हाला फुकटच ऐकू येते."

मग भाच्याने टी-शर्ट आणि कॉफीचे मग विकायचं काढलं. मर्फीच्या जाहिरातीतलं ते गुटगुटीत बाळ छापू म्हणाला. पण ते चित्र दुसऱ्याचं, काकांनी साफ नकार दिला. मला विचाराल तर चॅनेलवर विकायची वस्तू त्या चॅनेलच्याच पोटातून यावी. मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेत असताना पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले आणि पुढे स्वतःचे मसाले आणले. चमचा चमचा मसाला पडताना ज्यांनी पाहिला, त्यांना तो विकत घ्या म्हणून गळ घालावी लागत नाही. रेडिओवाल्याने काय विकायचं? शेवटी मगावर तीन शब्द आले: 'थांबा, तापतोय अजून.' व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की लगेच बोलत नाही, आधी तापतो. हे ज्याला ठाऊक, तोच तो मग घेणार. ऑर्डर आली की छापायची, त्यामुळे पलंगाखाली खोकी नाहीत. नफाही बेताचाच. नमुन्याचा मग नातेवाइकांनी कधीच पळवला.

यूट्यूबची कमाई 10 डॉलरला पोचली की पत्ता पडताळायला गूगल चक्क टपालाने पिन पाठवतं, आणि पैसे 100 डॉलर साठल्यावर. आमच्या टपालपेट्यांत क्लासच्या जाहिरातींशिवाय काही पडत नाही. काकांनी आधीच पेटीच्या कुलपात तेल घातलं, वॉचमनला बजावलं, आणि रोज सकाळी किल्ली घेऊन खाली उतरू लागले.

पहिला मेंबर नागपूरचा निघाला. काकांनी उत्साहाने आभाराचा निरोप धाडला. तासाभरात उत्तर: "मेंबर झालो. आता आमचा बुश बघायला कधी येताय? जेवायलाच या."